लाइट गेली की क्यूओएसही जातं: लिनक्स राउटरवर परत परत येणारी अडचण

तक्रार साधारण एकाच शब्दांत येते. “नेट आहे, स्पीड टेस्टला आकडा पूर्ण येतो, पण कुणी काही अपलोड करायला घेतलं की कॉलवरचा आवाज तुटतो.” राउटर बंद करून चालू केला की सगळं सुरळीत. काही दिवस छान जातात आणि एखाद्या दुपारी पुन्हा तीच ओरड. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, क्यूओएसची (कुठलं पॅकेट कधी सोडायचं ते ठरवायची) सोय आहे, कुणीतरी ती लावलेलीही आहे, स्क्रिप्टही जागेवर आहे. तरी दुखणं फिरून फिरून येतं.

घाईत असाल तर निदान आधीच सांगून टाकतो. पीपीपी, म्हणजे केबलवाल्याकडे लॉगिन करून लागणारी जोडणी, तुटून परत लागली की कर्नल जुना इंटरफेस मोडून टाकतं आणि नवा बनवतं. नाव तेच, पण पाटी कोरी. जुन्यावर बांधलेल्या रांगा त्याच्याबरोबरच जातात. तुमची स्क्रिप्ट फक्त बूटच्या वेळी चालत असेल, तर तिथून पुढच्या रीस्टार्टपर्यंत क्यूओएस नावालासुद्धा नसतं. हे पकडायचं कसं, कायमचं बसवायचं कसं, आणि असंच लक्षण दाखवणारी दुसरी कारणं वेगळी कशी काढायची, ते पुढे लिहितो.

डोळ्यासमोर ठेवलेली मांडणी अशी: जुन्या पीसीवर किंवा मिनी पीसीवर डेबियन टाकून तोच राउटर केलाय, स्थानिक केबलवाल्याचा फायबर आलाय, भिंतीवर ओएनटी (फायबर जिथे येऊन लागतो तो डबा) आहे, लॉगिन पीपीपीओईने (इथरनेटवरून चालणाऱ्या पीपीपीने) होतं. समजा एखाद्या सीएचं ऑफिस, दहा-बारा माणसं, प्लॅन १०० एमबीपीएस खाली आणि २० वर. टॅलीचा बॅकअप आणि सीसीटीव्हीचं फुटेज क्लाउडवर जातंय, आणि जीएसटी रिटर्नची २० तारीख आल्यामुळे सगळेच फोनवर. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीची छोटी लिनक्स, वापरणाऱ्यांसाठी वेगळं काय ते जिथल्या तिथे सांगेन. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये, लहान अक्षरांत टाकायच्या, आणि पीपीपी० च्या जागी तुमच्या इंटरफेसचं नाव.

आधी रांग कुठे साचतेय ते बघा

राउटरवरूनच सुरुवात करा, लॅपटॉपवरून नको. वायफाय मध्ये आलं की दोन दुखण्यांची सरमिसळ होते. पहिली कमांड:

आयपी ॲड्र शो डेव्ह पीपीपी०

यात तुमच्या पत्त्यापुढे पीअर म्हणून दुसरा पत्ता दिसतो. ते केबलवाल्याकडचं टोक. त्याला सेकंदाला पाच या वेगाने पिंग लावा:

पिंग -आय ०.२ (पीअरचा पत्ता)

तिथून उत्तर येत नसेल, कारण काही ठिकाणी पिंग बंद ठेवतात, तर ट्रेसराउटमध्ये जो पहिला टप्पा उत्तर देतो तो घ्या. आता ऑफिसमधल्या एखाद्या पीसीवरून, पण केबलने जोडलेल्या, मोठी फाइल अपलोडला लावा आणि पिंगचा आकडा बघत बसा.

रिकाम्या लाइनवर एक आकडी असलेला मिलिसेकंद अपलोड सुरू होताच काहीशेवर गेला, आणि अपलोड थांबवताच खाली आला, तर रांग तुमच्या बाजूला आहे आणि ती तुमच्याच पॅकेटची आहे. हिशोब करून बघा. ओएनटीमध्ये समजा १ एमबीचा बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायची जागा, आहे. २० एमबीपीएसच्या लाइनवर तो रिकामा व्हायला ०.४ सेकंद लागतात. टीसीपीचा, म्हणजे फाइल वाहून नेणाऱ्या नियमावलीचा, स्वभाव असा की पॅकेट हरवेपर्यंत ते वेग वाढवत राहतं. म्हणजे बफर भरणं हा अपघात नाही, तो भरणारच. कॉलचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी निघतं आणि त्या बॅकअपच्या मागे ४०० मिलिसेकंद उभं राहतं. आयटीयू या दूरसंचार संस्थेच्या जी.११४ या शिफारशीप्रमाणे बोलण्याचा एकतर्फी उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. इथे तर निघतानाच अडीचपट.

डाउनलोड लावल्यावर पिंग चढत असेल तर रांग केबलवाल्याच्या बाजूला, तुमच्या लाइनच्या तोंडाशी आहे. तिच्यावर थेट हात चालत नाही, आडून चालतो. ते पुढे येतं. आणि ऑफिसमधलं सगळं बंद असतानाही संध्याकाळी पिंग नाचत असेल, तर पुढचं वाचून उपयोग नाही. गर्दी त्यांच्या बाजूला आहे, तिथे आपल्या कर्नलमधली कुठलीच रांग काही करू शकत नाही. पिंगचा लॉग ठेवा आणि केबलवाल्याला फोन लावा.

एफक्यू-कोडल तर आहे ना?

इथे बहुतेकजण चकतात. कमांड देऊन बघतात आणि एफक्यू-कोडल आधीच लागलेलं दिसतं. दिसणारच. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडल मांडलं, त्याच वर्षी एरिक डुमाझे यांनी लिहिलेलं एफक्यू-कोडल लिनक्स ३.५ मध्ये आलं, आणि सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या २१७ व्या आवृत्तीपासून तेच मूळ सेटिंग म्हणून लागतं. त्याचं काम सरळ आहे: प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग, आणि पॅकेट रांगेत ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबतंय असं सलग १०० मिलिसेकंद दिसलं की टाकून द्यायला सुरुवात. टीसीपीला इशारा मिळतो, ते वेग कमी करतं.

पण अपलोड चालू असताना टीसी या रांगा लावायच्या-बघायच्या कमांडने हे बघा:

टीसी -एस क्यूडिस्क शो डेव्ह पीपीपी०

खालच्या ओळी अशा काहीतरी येतात:

ड्रॉप्ड ०, ओव्हरलिमिट्स ०, रीक्यूज ०
बॅकलॉग ०बी ०पी

पिंग ५०० वर आणि बॅकलॉग शून्य. म्हणजे कर्नलच्या रांगेत कुणी उभंच नाही. कारण पीसी ते ओएनटी ही केबल १ जीबीपीएसची आहे. कर्नलच्या नजरेतून रस्ता मोकळा आहे, आलेलं पॅकेट लगेच पुढे. अडतं ते ओएनटीच्या पलीकडे, २० एमबीपीएसच्या तोंडाशी. गाड्या खंबाटकीत अडकल्यात आणि आपण सोसायटीच्या फाटकावर शिट्टी वाजवतोय. एफक्यू-कोडल कितीही हुशार असलं तरी त्याच्याकडे रांगच आली नाही तर ते करणार काय?

म्हणून रांग आपल्याकडे ओढून आणायची. लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी वेगाने पॅकेट सोडायची, म्हणजे ओएनटीचा बफर कधी भरतच नाही आणि उभं राहायचं ते आपल्या रांगेत. यालाच शेपिंग म्हणतात. पूर्वी त्यासाठी मार्टिन देवेरा यांचं एचटीबी हे शेपर वापरून त्याखाली एफक्यू-कोडल लावत. २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ बरोबर केक आलं आणि दोन्ही कामं एका ओळीत व्हायला लागली. माझं मत विचाराल तर नव्याने बसवणाऱ्याने आज एचटीबीच्या वाटेला जायचं कारण नाही. वर्गवार पैसे घेऊन वेगाची हमी द्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

बाहेर जाणाऱ्यासाठी:

टीसी क्यूडिस्क रिप्लेस डेव्ह पीपीपी० रूट केक बँडविड्थ १८एमबिट ड्युअल-एसआरसीहोस्ट नॅट ओव्हरहेड ४४

एककाकडे नीट बघा. टीसीच्या भाषेत एमबिट म्हणजे मेगाबिट आणि एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबाइट. प्लॅनच्या जाहिरातीत २० एमबीपीएस लिहिलंय म्हणून टीसीला १८एमबीपीएस दिलंत तर त्याने १४४ मेगाबिट समजून घेतलं. एरर येत नाही, केक लागलेलं दिसतं, आणि शेपर एकदाही काम करत नाही. “केक लावलं पण काही फरक नाही” असं कुणी म्हटलं की पहिली शंका इथेच घ्यावी.

ओव्हरहेडबद्दल. कर्नल पीपीपी० वर जे पॅकेट मोजतं त्यावर पुढे पीपीपीओईचे ८ बाइट, इथरनेटचे १४, शेवटचे तपासणीचे ४, व्हीएलॅन असेल तर आणखी ४ असे ३० बाइट चढतात. १४९२ बाइटच्या पॅकेटला ते २ टक्के, पण जी.७११ या नेहमीच्या आवाजाच्या कोडेकवरच्या कॉलचं पॅकेट २०० बाइटचं, त्याला १५ टक्के. लहान पॅकेटची गर्दी झाली की हिशोब चुकतो तो असा. ४४ धरलं तर थोडं जास्त धरलं जातं, आणि या बाबतीत जास्त धरणं परवडतं.

ड्युअल-एसआरसीहोस्ट आणि नॅट या दोन शब्दांमुळे केक नॅटच्या (सगळ्या ऑफिसला बाहेर एकच पत्ता देणाऱ्या सोयीच्या) आत डोकावून कुठला पीसी आहे ते ओळखतं आणि आधी माणसामाणसांत, मग त्या माणसाच्या कामांत वाटणी करतं. नॅट हा शब्द गाळला तर बाहेर जाणारं सगळं एकाच पत्त्याचं दिसतं. मग चाळीस जोडण्या उघडणारा एकटा पीसी एक जोडणीवाल्याच्या चाळीसपट खातो.

येणाऱ्या रहदारीसाठी कर्नलच्या इंग्रेस बाजूला रांगच नसते. तिथे पॅकेट घ्यायचं किंवा टाकायचं एवढंच. म्हणून आयएफबी हा खोटा इंटरफेस उभा करून येणारं सगळं त्यात वळवायचं आणि त्याच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला केक बसवायचा:

आयपी लिंक ॲड नेम आयएफबी० टाइप आयएफबी
आयपी लिंक सेट आयएफबी० अप
टीसी क्यूडिस्क ॲड डेव्ह पीपीपी० हँडल एफएफएफएफ: इंग्रेस
टीसी फिल्टर ॲड डेव्ह पीपीपी० पॅरेंट एफएफएफएफ: प्रोटोकॉल ऑल मॅचऑल ॲक्शन मिर्रेड इग्रेस रिडायरेक्ट डेव्ह आयएफबी०
टीसी क्यूडिस्क रिप्लेस डेव्ह आयएफबी० रूट केक बँडविड्थ ८५एमबिट ड्युअल-डीएसटीहोस्ट नॅट इंग्रेस ओव्हरहेड ४४

दुसरी ओळ विसरलात तर डाउनलोड पूर्ण बंद पडतं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) “टीसी मिर्रेड टू ह्यूस्टन: डिव्हाइस आयएफबी० इज डाउन” असा संदेश येतो. कर्नल लिहिणाऱ्यांनाही कधीमधी गंमत सुचते. आयएफबी० अप केला की लगेच चालू.

आता पिंग परत लावा. अपलोड चालू असताना आकडा रिकाम्या लाइनपेक्षा थोडाच वर हवा, आणि बॅकलॉगमध्ये आता काहीतरी दिसायला हवं. बॅकलॉग दिसणं ही इथे चांगली बातमी आहे.

मग ते जातं कुठे?

इथपर्यंत बरेच लेख येतात आणि संपतात. आपली अडचण इथून सुरू होते.

आपल्याकडे दुपारी लाइट जाते. राउटर यूपीएसवर असतो, तो चालूच राहतो. ओएनटी साध्या प्लगमध्ये असतो, किंवा आपला ओएनटीही यूपीएसवर असतो पण गल्लीच्या कोपऱ्यावरचा केबलवाल्याचा डबा नसतो. पीपीपी तुटतं. लाइट आली की पीपीपीडी, म्हणजे पीपीपी चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा डायल करतं, दहा-वीस सेकंदांत नेट परत. कुणाच्या लक्षातही येत नाही. अपटाइम बघितलात तर मशीन आठवडेच्या आठवडे बंद पडलेलं नाही.

पण तुटताना पीपीपीडी कर्नलमधलं आपलं युनिट बंद करतं, पीपीपी० नष्ट होतं, आणि डायल करताना नवं पीपीपी० जन्माला येतं. टीसीने लावलेलं सगळं कर्नलच्या मेमरीत, त्या इंटरफेसला चिकटून असतं. डिस्कवर त्याची कुठे नोंद नाही. नव्याला मूळ सेटिंगचं एफक्यू-कोडल मिळतं आणि आपण पुन्हा सोसायटीच्या फाटकावर.

याचा पुरावा आयपी लिंकच्या यादीत आहे. प्रत्येक इंटरफेसच्या नावाआधी कर्नलने दिलेला अनुक्रमांक असतो. बूटनंतर पीपीपी० समोर ५ होता आणि आज ९ आहे, तर मधल्या काळात तो मेला आणि पुन्हा जन्मला. इथरनेटच्या पोर्टचं असं होत नाही. केबल काढून परत लावली तरी इंटरफेस तोच राहतो, त्यावरची रांगही राहते. म्हणून “माझ्याकडे केबल काढून बघितली, काही गेलं नाही” हा युक्तिवाद पीपीपीला लागू नाही.

यात एक फसवी जागा आहे, आणि परत परत येणाऱ्या बहुतेक तक्रारी तिच्यामुळेच लांबतात. पीपीपी० गेलं तरी आयएफबी० जात नाही. त्यावरचा केक जसाच्या तसा. कुणी घाईने टीसी क्यूडिस्क शो मारलं की यादीत केक ८५एमबिट ही ओळ दिसते आणि माणूस म्हणतो, क्यूओएस तर लागलेलं आहे, मग केबलवाल्याचाच प्रॉब्लेम असणार. प्रत्यक्षात वळवणारा फिल्टर जुन्या पीपीपी० बरोबर गेला, त्यामुळे आयएफबी० कडे एकही पॅकेट येत नाही. म्हणून नुसतं शो कधीच नको, -एस लावा, आणि दोनदा लावा. पाच सेकंदांच्या अंतराने सेंटपुढचा बाइटचा आकडा बघा. डाउनलोड चालू असताना तो हलत नसेल तर तो केक शोभेचा आहे. सेटिंग दिसतेय यावर विश्वास ठेवायचा नाही, काउंटर हलतोय का ते बघायचं. या सगळ्या प्रकरणात एवढी एकच सवय लावून घेतली तरी अर्धं काम होतं.

उपाय: स्क्रिप्ट बूटच्या वेळी नाही, पीपीपी लागण्याच्या वेळी चालली पाहिजे. डेबियनमध्ये पीपीपी वर आलं की /ईटीसी/पीपीपी/आयपी-अप.डी या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट आपोआप चालतात. इंटरफेसचं नाव पीपीपी_आयफेस (सगळी मोठी अक्षरं) या व्हेरिएबलमध्ये मिळतं. स्क्रिप्टमध्ये पीपीपी० ठोकून लिहू नका, तेच वापरा. फाइलला एक्झिक्युटेबल करायला विसरू नका.

आणि फाइलच्या नावात टिंब नको. क्यूओएस.एसएच असं नाव दिलं तर ती चालणारच नाही, कारण हा फोल्डर रन-पार्ट्स चालवतं आणि ते मूळ नियमाप्रमाणे फक्त अक्षरं, अंक, अधोरेखा आणि जोडरेघ असलेलीच नावं घेतं. बाकीच्यांना गुपचूप वगळतं. लॉगमध्ये ओळ नाही, एरर नाही. हातानं चालवली की स्क्रिप्ट उत्तम चालते, त्यामुळे शंका तिथे जातच नाही. नाव नुसतं क्यूओएस ठेवा आणि रन-पार्ट्सला टेस्टचा पर्याय देऊन ती यादीत येते का ते बघून घ्या.

दुसरा अडथळा स्क्रिप्टच्या आत असतो. वरच्या पाच ओळी जशाच्या तशा टाकल्या आणि वर “एरर आली की थांब” अशी सेट-ई ची ओळ असेल, तर दुसऱ्या डायलला स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर मरते. आयएफबी० आधीच आहे, म्हणून “आरटीनेटलिंक आन्सर्स: फाइल एक्झिस्ट्स”. पुढचं काहीच लागत नाही. म्हणजे क्यूओएस बूटला लागतं, पहिल्या लाइट जाण्यानंतर गायब, आणि रीस्टार्टला पुन्हा हजर. नेमकं आपलं लक्षण. आयएफबी० आहे का ते आधी तपासा आणि नसेल तरच बनवा. रूटवरच्या रांगांसाठी ॲडऐवजी नेहमी रिप्लेस. इंग्रेसची जुनी रांग असेल तर ती आधी डिलीट करा, “नव्हतीच” अशी तक्रार आली तर दुर्लक्ष, आणि मग ॲड.

तपासणी खोटी नको. पॉफ देऊन पीपीपी पाडा, पॉनने उचला, आणि मग वरचा पिंग आणि काउंटर दोन्ही बघा. शक्य असेल तर ओएनटीचा प्लगच काढून परत लावा; दुपारी जे होतं तेच होऊ दे. रीस्टार्ट करून तपासणं इथे निरुपयोगी आहे, रीस्टार्टला तर ते आधीही चालत होतं.

एक पळवाट लोक सुचवतात: पीपीपी० ऐवजी त्याखालच्या इथरनेट पोर्टवरच केक लावा, तो कधी मरत नाही. चालतं, पण तिथे केकला आयपीचं पॅकेट दिसत नाही, पीपीपीओईची फ्रेम दिसते. डीएससीपीचे, म्हणजे पॅकेटवरचे प्राधान्याचे, शिक्के वाचता येत नाहीत आणि सगळं केकच्या एकाच डब्यात (प्राधान्याच्या एकाच वर्गात) पडतं. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएमची (तिथल्या शेपिंगच्या तयार पॅकेजची) जोडणी इंटरफेस वर आला की स्वतःच पुन्हा लागते, त्यामुळे हे दुखणं तिथे सहसा नसतं. तिथलं नेहमीचं कारण वेगळं, हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग. ते चालू असेल तर पॅकेट चिपमधूनच परस्पर जातात, कर्नलच्या रांगांना वळसा घालून. लक्षण तेच: केक दिसतो, काउंटर ठप्प. ऑफलोडिंग बंद करा. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि स्वस्तातल्या राउटरला १०० एमबीपीएसही पेलत नाही. टॉप या कमांडमध्ये एसआयचा आकडा किंवा केसॉफ्टआयआरक्यूडी १०० टक्क्यांकडे गेलेलं दिसतं. तिथे बँडविड्थ कमी करा किंवा राउटर बदला, तिसरा रस्ता नाही. जुन्या पीसीला ही काळजी नसते.

काउंटर हलतोय, तरी आवाज तुटतोय

आयपीव्ही६ बघा. जुन्या लेखांमधून उचललेल्या फिल्टरच्या ओळीत प्रोटोकॉल ऑलऐवजी प्रोटोकॉल आयपी असतं, आणि त्यात फक्त आयपीव्ही४ वळतं. गूगल, यूट्यूब, व्हॉट्सॲप ही आयपीव्ही६ वर चालणारी मंडळी फिल्टरला न जुमानता सरळ आत येतात. आयएफबी० चा काउंटर हलतो खरा, पण पीपीपी० वर जेवढं आलं त्यापेक्षा फार कमी. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. केबलवाल्याने मध्येच कधीतरी आयपीव्ही६ सुरू केलं तर “कालपर्यंत चालत होतं” ही तक्रारही यातूनच येते.

फक्त संध्याकाळीच होत असेल तर लाइनचा खरा वेग तुमच्या शेपरच्या खाली जातोय. केक ८५ सोडतंय आणि लाइन ६० च देतेय, म्हणजे रांग परत पलीकडे. शेपरचा आकडा सकाळच्या स्पीड टेस्टवरून कधीच ठरवू नये. त्या टेस्टचा सर्व्हर बहुतेक वेळा शहरातच असतो आणि टेस्ट काही सेकंदांची असते. रात्री नऊच्या सुमारास काही मिनिटं सलग भार देऊन जो वेग टिकतो तो घ्या आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. फारच चढउतार असेल तर केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट पिंग बघून आकडा खालीवर करत राहते.

कर्नल अपडेटनंतर गेलं असेल तर एरर वाचा. “स्पेसिफाइड क्यूडिस्क काइंड इज अननोन” असं म्हणत असेल तर त्या कर्नलसाठी केकचं मॉड्यूल नाही, किंवा अपडेटने जुन्या कर्नलची मॉड्यूल काढली आणि मशीन अजून जुन्यावरच चालू आहे. फार जुनी स्क्रिप्ट असेल तर आणखी एक शक्यता. १९९९ च्या २.२ कर्नलपासून असलेलं सीबीक्यू हे जुनं शेपर २०२३ मध्ये ६.३ या कर्नलमधून काढूनच टाकलं, टीसीइंडेक्स आणि डीएसमार्कसुद्धा. सीबीक्यूचे धडे इंटरनेटवर अजून ढिगाने सापडतात. त्यांच्या मागे लागू नका.

आणि कुणी एचटीबी अधिक एफक्यू-कोडलवरच असेल व अपलोड १० एमबीपीएस किंवा कमी, तर जीएसओ तपासा. कर्नल कामाचा भार हलका करायला ६४ केबीपर्यंतचं एकच मोठं पॅकेट हाताळतं. १० एमबीपीएसवर ते एकटंच ५२ मिलिसेकंद खातं. ईथटूलने टीएसओ आणि जीएसओ बंद करा. केक ही मोठी पॅकेट स्वतःच फोडतं.

प्राधान्याचं काय?

ते शेवटी, आणि बहुतेकांना लागतही नाही. क्यूओएस म्हटलं की माणसं आधी वर्ग पाडायला बसतात: कॉलला पहिला, वेबला दुसरा, बाकी तिसरा, आणि पोर्ट नंबरांची लांबलचक यादी. आज अर्धी दुनिया ४४३ वर आहे, कॉलही आणि बॅकअपही. पोर्ट बघून काही ओळखू येत नाही. उलट केक आणि एफक्यू-कोडल दोन्ही जो प्रवाह कमी खातो त्याला आपणहून पुढे घेतात. कॉल कमीच खातो. वर्ग न पाडताही तो पुढे जातो.

तरी ऑफिसमध्ये वेगळा आयपी फोन असेल आणि त्याला खात्रीने पुढे काढायचं असेल, तर एनएफटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, त्या पत्त्याच्या पॅकेटवर डीएससीपी ईएफ, म्हणजे ४६, असा शिक्का मारा. केकची मूळची मांडणी तीन डब्यांची आहे, त्यात हा शिक्का व्हॉइसच्या डब्यात जातो, आणि त्या डब्याला एकूण वेगाच्या पावपटीपर्यंत प्राधान्य मिळतं. हे जाणाऱ्या दिशेला सरळ लागू होतं.

येणाऱ्या दिशेला होत नाही, आणि यावर लोक तासन्‌तास घालवतात. टीसीची इंग्रेस बाजू एनएफटेबल्सच्या आधी चालते. पॅकेट आयएफबी० मधून जाऊन आल्यावर मग तुमचा नियम त्याला शिक्का मारतो. तोपर्यंत रांगेतला निर्णय होऊन गेलेला असतो. बाहेरून आलेले शिक्के वाटेत पुसलेले असू शकतात. यावरचा उतारा ५.३ कर्नलपासून आहे, सीटीइन्फो नावाची ॲक्शन. जाताना शिक्का कनट्रॅकच्या (कर्नल प्रत्येक जोडणीची ठेवतं त्या नोंदीच्या) मार्कमध्ये साठवायचा, आणि त्याच जोडणीचं पॅकेट परत येताना इंग्रेस फिल्टरमध्ये मिर्रेडच्या आधी सीटीइन्फोने तो परत उमटवायचा. आणि हेही पीपीपी० वरच्या फिल्टरमध्येच राहतं, त्यामुळे आयपी-अप.डी मधल्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ घालायला विसरलात तर पुढच्या लाइट जाण्यानंतर क्यूओएस राहील आणि फक्त फोनचं प्राधान्य जाईल. असलं अर्धवट दुखणं शोधायला सर्वांत वाईट.

पहारा बसवून ठेवायचा असेल तर सिस्टमडीचा टायमर दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट चालवू द्या. तिने पीपीपी० च्या रूटवर केक आहे का बघायचं, आणि मागच्या मिनिटापासून पीपीपी० वर किती बाइट आले नि आयएफबी० च्या केकमधून किती गेले यांची तुलना करायची. पीपीपी० वर काही एमबी आले आणि आयएफबी० चा आकडा जागचा हलला नाही, तर तीच क्यूओएसची स्क्रिप्ट पुन्हा चालवायची आणि लॉगरने एक ओळ लिहून ठेवायची. त्या ओळींच्या वेळा आणि वीज गेल्याच्या वेळा जुळत असतील, तर ओएनटीलाही यूपीएसवर घ्यायचा खर्च ऑफिसला पटवून देणं सोपं जातं.